गिरणगावातली पोरं आणि कायद्याची पन्नास वर्षं

1881 साली हिंदुस्थानात पहिला कारखाने कायदा झाला. त्यात मुलांसाठी चार गोष्टी होत्या. सात वर्षांखालच्या पोराला कामावर घ्यायचं नाही, सात ते बारा वयाच्या पोराला दिवसाला नऊ तासांवर राबवायचं नाही, त्या नऊ तासांत एक तास सुट्टी द्यायची आणि महिन्यातून चार दिवस रजा. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील अशाच कारखान्यांना हा कायदा लागू होता. मुलाचं बारावं सरलं की कायद्याच्या लेखी तो मोठा माणूस, आणि मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांबद्दल कायदा काहीच बोलत नव्हता.

आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण त्या काळच्या मुंबईत एवढाही कायदा भांडून मिळवावा लागला होता.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या वीस वर्षांत भायखळा, चिंचपोकळी, परळ या भागांत एकामागून एक चिमण्या उभ्या राहिल्या. कामाला माणसं आली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातून आणि घाटावरून. कामाचे तास सूर्यावर ठरत. उजाडलं की गिरणी सुरू आणि मावळलं की बंद, म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा दिवस. पोरांची कामं ठरलेली असत. भरलेल्या बाबिणी काढून रिकाम्या लावायच्या, तुटलेलं सूत सांधायचं, केरकापूस गोळा करायचा. बोटं लहान आणि अंग चपळ, म्हणून ही कामं त्यांच्याकडे. मजुरी मोठ्यांच्या मानाने नाममात्र होती, पण चाळीतल्या एका खोलीच्या संसारात तेवढे पैसेही मोजले जात.

या पोरांचा प्रश्न सरकारदरबारी पोचला तो मात्र आडवाटेने. मुंबईच्या गिरण्या स्वस्त सूत काढू लागल्या तशी लँकेशायरच्या गिरणीमालकांना काळजी वाटू लागली. इंग्लंडमध्ये बायका-मुलांच्या कामावर कायद्याने बंधनं आहेत, मग हिंदुस्थानात का नाहीत, असा सवाल तिकडे उठला. सत्तरीतल्या लॉर्ड शाफ्ट्सबरींनी, ज्यांचं आयुष्य इंग्लंडमधल्या कारखान्यांतल्या मुलांसाठी झगडण्यात गेलं होतं, 1875 मध्ये हा विषय पार्लमेंटात काढला. त्याच वर्षी मुंबई सरकारने चौकशी समिती नेमली. समितीत गिरणीमालकच भरपूर होते, त्यामुळे बहुमत कायद्याच्या विरोधात गेलं. मुंबईचे समाजसुधारक सोराबजी शापूरजी बंगाली मात्र थांबले नाहीत. त्यांनी 1878 मध्ये स्वतःच कायद्याचा मसुदा तयार केला आणि पाठपुरावा करत राहिले.

मराठी सार्वजनिक जीवनाने इथे घेतलेली भूमिका स्पष्ट सांगायला हवी. ‘मराठा’सारख्या राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांनी कारखाने कायद्याला विरोध केला. देशी धंदा उभा राहतो आहे आणि मँचेस्टर त्याचा गळा दाबू पाहतं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. हा संशय खोटा नव्हता. लँकेशायरच्या दबावामुळेच 1882 मध्ये परदेशी कापडावरची आयात जकात उठली. पण हेतू कुणाचाही असो, बाबिणी बदलणाऱ्या आठ वर्षांच्या पोराच्या जागी उभं राहून पाहिलं तर हा वाद फार दूरचा दिसतो. त्याच्या बाजूने उभं राहायला देशी माणसांतलंच कुणीतरी पुढे यायला हवं होतं.

ते आले नारायण मेघाजी लोखंडे. ठाण्यात 1848 मध्ये जन्मलेले लोखंडे मुंबईत गिरणीत नोकरीला होते. ते सत्यशोधक होते, जोतीराव फुले यांचे सहकारी, आणि 1880 पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवत होते. सप्टेंबर 1884 मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या. त्यांतून साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अशा त्या मागण्या होत्या. 24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीला भरलेल्या सभेला दहा हजार कामगार जमले, दोन बायकाही बोलायला उभ्या राहिल्या. 10 जून 1890 रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीतल्या पोरालाही आठवड्यातला एक दिवस आपला म्हणून मिळाला तो या चळवळीमुळे.

लोखंड्यांच्या गुरूने त्याआधीच या प्रश्नाचं दुसरं टोक हातात धरलं होतं. ऑक्टोबर 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. एका वर्षाच्या अंतराने आलेले हे दोन ‘बारा’ शेजारी ठेवून पाहावेत. कारखाने कायदा सांगत होता, बाराव्या वर्षापर्यंत थोडं कमी राबवा. फुले सांगत होते, बाराव्या वर्षापर्यंत शाळेत ठेवा. या दोन वाटा एकत्र यायला पुढे चाळीस वर्षं गेली, आणि त्या चाळीस वर्षांत जे घडलं ते कायदा एकटा पडला की त्याचं काय होतं याची हकीकतच आहे.

पहिली अडचण वयाची. गावाकडे जन्मलेल्या पोराचा जन्मदाखला कुठून आणायचा? आईला आठवत असे ते ‘अमक्या दुष्काळात’ किंवा ‘तमक्या साथीच्या आधी’. त्यामुळे सरकारने नेमलेल्या डॉक्टरने पोराला समोर उभं करायचं, अंगकाठी पाहायची, तोंड उघडायला लावून दात मोजायचे आणि दाखला द्यायचा, अशी रीत पडली. उपाशी वाढलेल्या पोराचे दात कधी येतील याचा काय भरवसा? शिवाय दाखला एकदा मिळाला की तो हातोहात फिरे. थोरल्या भावाच्या दाखल्यावर धाकटा आत जाई. तपासनीस मोजके, त्यांच्या येण्याची कुणकुण आधीच लागे, आणि खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, असं पोर कुठल्या दाराने बाहेर काढायचं ते जाणून असे. आईबापही यात सामील असत. त्यांना दोष देताना माझी जीभ अडखळते, कारण कायद्याने त्यांच्या घरातली मजुरी कापली होती आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नव्हतं.

1891 च्या दुरुस्तीने किमान वय नऊ केलं, नऊ ते चौदा वयाच्या मुलांना दिवसाला सात तासांची मर्यादा घातली आणि पन्नास माणसांच्या कारखान्यापर्यंत कायदा खाली आणला. बायकांच्या कामालाही अकरा तासांची हद्द पडली. सात तासांच्या या मुलांना ‘हाफटायमर’ म्हणत. कल्पना इंग्लंडची होती. पण इंग्लंडमध्ये 1844 पासून अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा असा जोड होता, शाळेचा दाखला नसेल तर कामावर घेता येत नसे. इथे अर्धी गिरणी तेवढी आली, अर्धी शाळा तिकडेच राहिली. सात तासांनंतर मुंबईतल्या पोराने जायचं कुठे? घरी दहा बाय दहाच्या खोलीत कुणी नसे, आईबाप दोघं कामावर. कित्येक पोरं गिरणीच्या आवारातच घुटमळत, तिथेच झोपत. काही ठिकाणी, विशेषतः अहमदाबादेत, पोरगं सकाळी एका गिरणीत आणि दुपारी दुसऱ्या गिरणीत दुसऱ्या नावाने कामाला जाई, म्हणजे दोन अर्ध्यांचा मिळून पुरा दिवस भरे. काही गिरण्यांनी आवारात शाळा काढल्या खऱ्या, पण सात तास साच्यापुढे उभ्या राहिलेल्या पोराच्या डोळ्यांवर पाटीपुढे झापड येणार हे सांगायला आयोग लागत नाही.

1896 च्या प्लेगने मुंबई रिकामी केली. लोखंडे स्वतः प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना फेब्रुवारी 1897 मध्ये गेले. मजुरांची टंचाई झाली, पोरांना मागणी वाढली. मग गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याने घातलेली हद्दही पुसली गेली. 1905 च्या सुमाराला काही गिरण्या पंधरा-पंधरा तास चालू लागल्या. त्यावर ओरड झाली, 1906 मध्ये कापडगिरण्यांतल्या मजुरीसाठी समिती आणि पाठोपाठ आयोग नेमला गेला. त्या चौकशीत कायद्याची पायमल्ली कशी चालते ते चव्हाट्यावर आलं. 1911 च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या मुलांचे तास सहावर आणले आणि वयाचा दाखला सक्तीचा केला. शाळेचा शब्द या कायद्यातही नव्हता.

त्याच वर्षी, मार्च 1911 मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. मागणी अगदी सावध होती. ज्या भागात पुरेशी मुलं आधीच शाळेत जात असतील तिथे स्थानिक संस्थेने हवी तर सक्ती लागू करावी. 1912 च्या मार्चमध्ये ते 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळलं गेलं. सरकारला खर्च नको होता. जमीनदारांना आणि काही मालकांना शिकलेली मजुरांची पोरं नको होती. शिक्षण आणि कारखाने हे दोन्ही विषय त्या वेळी एकाच कायदेमंडळापुढे होते, पण ते एकाच मुलाविषयी बोलत आहेत हे सरकारी बाकांवर कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

त्यामुळे जोड पडला तो दिल्लीत किंवा सिमल्यात नाही, मुंबईच्या महापालिकेत. शहरातल्या प्राथमिक शाळांची जबाबदारी 1907 मध्ये पालिकेकडे आली होती. 1918 मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने नगरपालिकांना सक्तीचं शिक्षण लागू करण्याचा अधिकार दिला. 1920 मध्ये मुंबई शहरासाठी वेगळा कायदा झाला. आणि 1925 मध्ये पालिकेने एफ आणि जी या दोन वॉर्डांत मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं. परळ, दादर, वरळी या वॉर्डांत येतात, म्हणजे गिरणगावाचा मोठा भाग. मलबार हिल किंवा गिरगावपासून सुरुवात झाली असती तर आकडे लवकर चांगले दिसले असते. पालिकेने सुरुवात जिथे गरज होती तिथून केली, आणि मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो. सक्ती म्हणजे नुसती नोटीस नव्हती. जागा भाड्याने घ्याव्या लागल्या, मास्तर नेमावे लागले, मराठीखेरीज उर्दू आणि गुजराती शाळा काढाव्या लागल्या, गैरहजर पोरांच्या घरी माणूस पाठवावा लागला. पैसा कमी पडू लागला तेव्हा बाकीच्या वॉर्डांना बरीच वर्षं वाट पाहावी लागली.

दरम्यान 1919 मध्ये वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे तिथे गेले ते ना. म. जोशी, ज्यांनी 1911 मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापून गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली होती. त्या परिषदेचा परिणाम म्हणून 1922 मध्ये कारखाने कायदा पुन्हा बदलला. किमान वय बारा, बारा ते पंधरा वयाला सहा तास, एकाच दिवशी दोन कारखान्यांत कामाला बंदी, आणि कायद्याची कक्षा वीस माणसांच्या कारखान्यापर्यंत.

आता पहिल्यांदा वाट अशी झाली की बाराव्या वर्षापर्यंत गिरणी बंद आणि त्याच वस्तीत शाळा उघडी. 1920 चं दशक संपता संपता मुंबईच्या गिरण्यांतून लहान मुलं जवळजवळ दिसेनाशी झाली होती. याचं सगळं श्रेय कायद्याला देणं बरोबर होणार नाही. सहा तासांच्या पोरांच्या दोन-दोन पाळ्या लावणं आणि त्यांचे दाखले सांभाळणं मालकांना कटकटीचं झालं होतं, आणि दाराशी मोठी माणसं कामासाठी रांग लावून उभी होती. पण कटकट वाढवणं हेही कायद्याचंच काम असतं, आणि ती वाढवल्यावर पोराला जायला जागा असणं हे शाळेचं.

शाळेच्या वयापर्यंत पोचलेली मुलं तरी नशिबाची. तान्ह्यांचं काय होत होतं ते मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी 1922 च्या सुमाराला गिरणगावात घरोघरी फिरून पाहिलं. गिरण्यांत बायका मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत नायकिणीच्या, म्हणजे मुकादमबाईच्या, हाताखाली काम करत. बाळंतपण जवळ येईपर्यंत कामावर आणि बाळ थोडं मोठं होतं न होतं तोच पुन्हा कामावर, कारण खाडा म्हणजे मजुरी बुडाली. तान्हं बाळ शेजारच्या म्हातारीपाशी ठेवायचं किंवा खात्यातच एखाद्या पेटीत निजवायचं. ते दिवसभर गप्प राहावं म्हणून त्याला बाळागोळी चारत, म्हणजे अफूची गोळी. बार्न्सबाईंना आढळलं की कामगारांच्या जवळपास सगळ्या तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. झोपलेलं बाळ दूध मागत नाही, आणि दूध न मागणारं बाळ वाळत जातं.

1921 मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त अर्भकमृत्यू नोंदले गेले. हा आकडा जपून वाचावा लागतो. पुष्कळ बायका बाळंतपणाला कोकणात माहेरी किंवा सासरी जात, जन्म तिकडे होई, मृत्यूची नोंद मात्र मुंबईत पडे. त्यामुळे प्रमाण फुगलेलं आहे. पण एकाच खोलीत राहणाऱ्या कुटुंबांचा दर शहराच्या सरासरीच्याही पुष्कळ वर होता, आणि त्या फरकाला नोंदणीतली गफलत हे पुरेसं उत्तर नाही.

जोशींनी 1924 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचं विधेयक आणलं आणि ते पडलं. मग लढाई मुंबई कायदेमंडळात आली. जुलै 1928 मध्ये तिथल्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी सांगितलं. लोकांचं कल्याण हे मुळात सरकारचं काम, म्हणून खर्चाचा काही भार सरकारने उचलायला हवा हेही ते बोलले, आणि बायकांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत, हेही. 1929 मध्ये मुंबईचा प्रसूतिभत्ता कायदा झाला, देशातला पहिला. मुंबईसारख्या शहरांत बाईला सुट्टीच्या काळात रोज आठ आणे मिळू लागले. पाठोपाठ 1930 मध्ये मध्य प्रांताने असा कायदा केला आणि नागपूरच्या गिरणी कामगार बायकांनाही तो हक्क मिळाला.

आठ आण्यांनी विश्रांती मिळेल, पण बाळंतपण कोण करणार? परळला 1926 मध्ये नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उघडलं होतं. त्याच्या शेजारी दशक संपण्याच्या सुमाराला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय उभं राहिलं. दोन्ही गिरणीमालक वाडिया कुटुंबाच्या पैशातून आणि गिरणीवस्तीच्या मध्यभागी. भत्त्याचा कायदा आणि प्रसूतिगृह एकाच सुमाराला, एकाच वस्तीत आल्यामुळे बाईला दवाखान्यात जाणं परवडू लागलं. यातलं कुठलंही एक दहा वर्षं आधी आणि दुसऱ्याशिवाय आलं असतं तर त्याचा उपयोग निम्माही झाला नसता.

मुंबईच्या 1924 च्या मुलांच्या कायद्याची गोष्ट हेच दुसऱ्या बाजूने दाखवते. निराधार, टाकलेल्या आणि गुन्ह्यात सापडलेल्या मुलांना मोठ्यांच्या तुरुंगात न टाकता त्यांच्यासाठी वेगळी न्यायव्यवस्था हवी, असं हा कायदा सांगत होता. पण मुलांना ठेवायचं कुठे आणि त्यांच्याकडे पाहायचं कुणी, याची सोय नव्हती, म्हणून मंजूर झालेला कायदा मुंबईत कागदावरच पडून राहिला. 1927 मध्ये चिल्ड्रेन्स एड सोसायटी स्थापन झाली, बालन्यायालय भरू लागलं, रिमांड होम उघडलं, आणि त्यानंतरच पोलिसाने फुटपाथवरून उचललेल्या पोराला कोठडीखेरीज दुसरी जागा मिळाली.

1929 ते 1931 या काळात व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाने देशभर साक्षी घेतल्या. जोशी त्या आयोगाचे सदस्य होते. मोठ्या गिरण्यांतून मुलं हटली आहेत, पण विड्यांचे कारखाने, गालिच्यांचे माग अशा जिथे ना यंत्र ना तपासनीस अशा जागी पाच-पाच वर्षांची मुलं राबत आहेत, हे त्या साक्षींतून पुढे आलं. बापाने घेतलेल्या कर्जापोटी मुलाची मजुरी गहाण टाकण्याची पद्धतही उघडी पडली. 1933 मध्ये अशा गहाणवटीवर बंदी आली, 1938 मध्ये मुलांच्या नोकरीवर बंधन घालणारा वेगळा कायदा झाला. पण विडीच्या गावात मुंबईसारखी शाळा काढणारी पालिका नव्हती, म्हणून तिथे तो फारसा रुजला नाही.

प्रसूतिभत्त्याचा एक परिणाम मात्र कुणाच्या मनात नसलेला झाला. भत्त्याचा सगळा बोजा ज्या मालकाकडे बाई कामाला असेल त्याच्यावरच पडत होता. जास्त बायका म्हणजे जास्त खर्च, असा सरळ हिशेब होऊन बसला. त्यात रात्रपाळीत बायकांना बंदी आणि यंत्रांची नवी रचना यांची भर पडली. पुढच्या दोन दशकांत मुंबईच्या गिरण्यांतलं बायकांचं प्रमाण घसरत गेलं. सरकारने भार उचलावा हे आंबेडकरांचं म्हणणं 1928 मध्ये कुणी मनावर घेतलं असतं तर ही घसरण कदाचित इतकी झाली नसती. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने भत्ता एकेका मालकाच्या खिशातून काढून सामाईक निधीत नेला, त्यामुळे बाईला कामावर ठेवणं मालकाला महाग पडेनासं झालं. ही योजना मुंबईत लागू झाली 1954 मध्ये. तोवर ज्या खात्यांत पूर्वी नायकिणी बायकांच्या टोळ्या चालवत, तिथल्या पुष्कळ जागा पुरुषांकडे गेल्या होत्या.